शकुंतलेची अंगठी

यवतमाळला जाणारा पाहुणा बहुतकरून धामणगावला उतरतो. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे स्टेशन. मोठ्या गाड्या येथे घटकाभर थांबतात आणि पुढच्या ओढीने निघून जातात. पाहुण्याने मात्र पेटी-वळकटी उचलून सडकेला लागायचे. सडक दक्षिणेकडे जाते, वाटेत बाभुळगाव लागते आणि सुमारे ४६ किलोमीटर गेल्यावर, किंचित चढून, आपण पठारावरच्या यवतमाळात येतो. मुंबई-पुण्याकडच्या माणसाच्या मनात हटकून प्रश्न उभा राहतो. एवढे जुने जिल्ह्याचे ठिकाण, कापसाची एवढी नामांकित पेठ, आणि मुख्य आगगाडी याच्या वाटेला का गेली नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की यवतमाळचा सारा इतिहास हाती लागतो. गावोगावचा इतिहास राजेरजवाड्यांच्या, गढ्यांच्या आणि लढायांच्या आधाराने सांगतात. यवतमाळचा इतिहास वाहनांच्या आधाराने सांगावा लागतो. येथून माल कसा गेला, कोणी नेला, कोणाच्या पाठीवरून नेला आणि तो नेणारा पुढे कोठे गेला, हेच या मुलखाचे बखरीचे पान आहे. ते पान आता फाटू पाहते आहे, म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना या बाजूची एक फेरी घडवावी म्हणतो.

प्रथम गावाची ओळख. अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त ‘यवत-लोहारा’ या परगण्याचा उल्लेख येतो. यवत म्हणजे हे गाव आणि लोहारा हे त्याला खेटून असलेले खेडे. मूळ नाव यवत, त्याला ‘महाल’ जोडला गेला आणि ‘महाला’चा पुढे ‘माळ’ झाला, असे जुने गॅझेटियर सांगते. गावाला पठाराचा माळ लाभलेला असल्यामुळे हा अपभ्रंश लोकांच्या तोंडी सहज बसला असावा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाच्या हातून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात आले. १९०२ च्या कराराने तर वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडावर ते इंग्रजांना कायमचेच मिळाले. मौज अशी की, जिल्ह्याची कचेरी यवतमाळला असूनही जिल्ह्याचे नाव कैक वर्षे वणीचे होते. इंग्रजी दप्तरात त्याचे ‘वून’ झाले होते. १९०५ साली दारव्हा आणि पुसद हे तालुके जोडून जिल्ह्याची फेरमांडणी झाली, तेव्हा कोठे यवतमाळला आपल्या नावाचा जिल्हा मिळाला.

आता वाहनांकडे वळू. सडका नव्हत्या, रूळ नव्हते, तेव्हा या मुलखातला माल बैलांच्या पाठीवरून जाई. हे काम बंजाऱ्यांचे. गोण्या लादलेल्या शेकडो बैलांचा तांडा एका मागोमाग एक चालू लागला की मैलभर धुरळा उठत असे. येताना मीठ, जाताना धान्य आणि कापूस, असा हा फिरता बाजार होता. समुद्राकाठचे मीठ वऱ्हाडातल्या भाकरीपर्यंत पोहोचे ते या तांड्यांच्या जोरावर. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूला आज तांड्यांच्या ज्या वस्त्या दिसतात, त्या या जुन्या व्यवसायाच्या खुणा आहेत. आगगाडी आली, सडका झाल्या आणि लमाणांच्या बैलांचे काम संपले. फिरते तांडे हळूहळू स्थिरावले, बैल नांगराला लागले, माणसे शेतीत आणि मजुरीत शिरली. पुसद तालुक्यातल्या गहुली या अशाच वस्तीत १९१३ साली वसंतराव नाईकांचा जन्म झाला आणि १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांड्याने केवढा पल्ला गाठला हे त्यावरून दिसते. पण ज्या बैलांनी दोनतीनशे वर्षे या मुलखाचा व्यापार पाठीवर वाहिला, त्यांच्या गळ्यातली एखादी घंटा किंवा पाठीवरची एखादी भरतकाम केलेली झूल पाहायची म्हटली, तर पाहुण्याने कोठे जावे?

बैलांच्या पाठीनंतर आली बंडी, म्हणजे आपल्याकडची बैलगाडी. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ कंपनीचे रूळ वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचले. कापसाचा माग काढीतच ते गेले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. खामगावची पेठ मुख्य मार्गापासून आठ मैल आडबाजूला राहिली, तर तेवढ्यासाठी वेगळा फाटा काढण्यात आला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. अमरावतीलाही बडनेऱ्याहून फाटा मिळाला. जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला, वणी-राजूरकडे, पुढे कोळशाने रूळ खेचून नेले. यवतमाळ मात्र मधल्या पठारावर तसेच राहिले. रुईच्या गाठी बंड्यांत चढायच्या आणि धामणगावची वाट धरायच्या. सुमारे चारशे पौंडांची एकेक गाठ, पावसाळ्यात काळ्या चिखलात रुतणारी चाके आणि उन्हाळ्यात तहानेलेले बैल, असा तो प्रवास होता. वर्षानुवर्षे यवतमाळची भरभराट अशी चाकाच्या आऱ्याआऱ्यातून फिरत राहिली.

आणि मग आली आपल्या गोष्टीची नायिका.

किलिक, निक्सन आणि कंपनी ही मुंबईची इंग्रज पेढी. तिने १९१० साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी’ काढली. यवतमाळचा कापूस मुख्य मार्गावर मूर्तिजापूरला आणावा, तेथून तो मुंबईला जावा आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरला, हा त्यातला सरळ हिशेब. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटरांचे अंतर असते. या गाडीच्या रुळांत ठेवले ७६२ मिलिमीटरांचे, म्हणजे निम्म्याहूनही कमी. रूळ हलके, डबे हलके, पूल लहान, वळणे आखूड, त्यामुळे भांडवलही थोडे लागले. मूर्तिजापूरहून एक अंग दक्षिणेला कारंजा, दारव्हा, लाडखेड करीत यवतमाळला गेले. ते ११३ किलोमीटरांचे. दुसरे अंग उत्तरेला अचलपूरकडे गेले. ते ७६ किलोमीटरांचे. दोन्ही मिळून लांबी भरते १८९ किलोमीटर. गाडी चालवायची आणि रूळ वापरायचे ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ने, मालकी मात्र किलिक निक्सनच्या कंपनीची, असा हा करार होता.

लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले. कोणत्या रसिकाने हे बारसे केले असेल ते असो, पण नाव नामी आहे. रानावनातून जाणारी, साधी, निरलस आणि पुढे ज्यांच्यासाठी झिजली त्यांच्याकडूनच विसरली गेलेली ही आगगाडी पाहिली की कालिदासाच्या नायिकेची आठवण येणारच.

शकुंतलेचा वेग धावण्यापेक्षा चालण्याला अधिक जवळचा होता. तिच्या मार्गावर स्टेशने थोडी आणि ओळखीची माणसे फार. ठिकठिकाणी फाटक आले की गाडीने थांबायचे, गाडीतल्याच माणसाने उतरून फाटक लावायचे, गाडी पलीकडे गेली की पुन्हा उघडायचे आणि धावत येऊन आपल्या डब्यात चढायचे. तिकीट देणारा, झेंडी दाखवणारा आणि डबे जोडणारा हे वेळप्रसंगी एकच गृहस्थ असत. तिचे भाडे एस. टी.च्या मानाने फारच थोडे. त्यामुळे शेतमजूर, भाजीवाल्या, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या आणि शाळेची पोरे यांची ती हक्काची गाडी होती. मोठ्या एक्सप्रेसमध्ये माणूस प्रवासी असतो, शकुंतलेत तो पाहुणा असे.

तिच्या वाटेवरची गावेही पाहण्यासारखी आहेत. मूर्तिजापूर हे गाडगेबाबांच्या कार्यामुळे घरोघरी माहीत झालेले गाव. त्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, त्यांचे बालपण गुरे राखण्यात गेले. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. दत्तभक्तांची तेथे सदा वर्दळ असते. तेथल्या जैन मंदिरांतले हस्तलिखितांचे भांडार विद्वानांना मोलाचे वाटते. हे मूर्तिजापूर आज अकोला जिल्ह्यात आणि कारंजा वाशीम जिल्ह्यात. दारव्हा लागले की आपण यवतमाळ जिल्ह्यात येतो. दारव्ह्याच्या स्टेशनाचे नाव ‘दारव्हा मोतीबाग’, आणि त्यापुढे शब्द ‘जंक्शन’. आता रुळांची एकच जोडी येते आणि जाते, तेथे जंक्शन कसले? तर त्याची गोष्ट अशी. दारव्ह्याहून पुसदला जाणारा एक फाटा १९३१ साली सुरू झाला होता. दहा वर्षेही तो धड जगला नाही. दुसरे महायुद्ध भडकले, लोखंडाला सोन्याचा भाव आला आणि त्या फाट्याचे रूळ उखडून नेण्यात आले. फाटा गेला, ‘जंक्शन’ हा शब्द मात्र मागे राहिला. सासर सुटले तरी सासरचे आडनाव राहावे, तशातली ही गत!

महायुद्धाने असे एकीकडे उखडले आणि दुसरीकडे मांडले. यवतमाळच्या शेजारच्या नागपुरात सोनेगावचा विमानतळ आहे. युद्धकाळात ब्रिटिश हवाईदलाने तो आपल्या विमानांच्या मुक्कामाचा तळ म्हणून वापरला. युद्ध संपले, इंग्रज गेले, तळ रिकामा झाला. अशा रिकाम्या धावपट्ट्या पुढे गुरांच्या चरणीला लागल्याची उदाहरणे देशात पुष्कळ आहेत. सोनेगावला मात्र लगोलग नवे काम मिळाले. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून चार विमाने रात्री निघत आणि मध्यरात्री नंतर नागपुरात एकत्र जमत. दिल्लीची पोती मद्रासच्या विमानात, मुंबईची कलकत्त्याच्या विमानात, अशी अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या घरी परतत. सारे नागपूर साखरझोपेत असताना सोनेगावच्या मैदानावर भारताच्या चारी दिशा एकमेकींना भेटून जात. जवळजवळ पंचवीस वर्षे, १९७३ पर्यंत, हा मध्यरात्रीचा मेळा भरत होता. ज्यांच्या घरी त्या काळातली पत्रे जपून ठेवली असतील, त्यांतली कितीतरी या मैदानावरून गेलेली असतील. पुढे टपालाची रीत बदलली, पण विमानतळ वाढतच गेला. २००५ साली त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्यात आले.

लढाईच्या तळाला नवे काम मिळाले म्हणून तो जगला. शकुंतलेला ते मिळाले नाही, हाच काय तो दोघांतला फरक. शकुंतला कापसासाठी जन्मली होती. तिचे दुखणेही तेथूनच सुरू झाले. रूळ अरुंद, म्हणून यवतमाळला भरलेली गाठ मूर्तिजापूरला उतरवायची आणि हमालांनी ती पुन्हा मोठ्या गाडीच्या वाघिणीत चढवायची. म्हणजे हमाली दुप्पट, वेळ दुप्पट आणि गाठी फाटण्याची भीतीही दुप्पट. ट्रक आले तेव्हा त्यांनी जिनिंगच्या दारातून गाठ उचलली आणि थेट गिरणीच्या दारात उतरवली. व्यापारी कोणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको! माल गेला आणि शकुंतलेजवळ उरले ते गरीब उतारू. त्यांच्या तिकिटांवर रूळ दुरुस्त होत नसतात.

त्यात मालकीचा घोळ. १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली. देशातल्या बहुतेक लहानमोठ्या गाड्या सरकारजमा झाल्या, पण हा मार्ग कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी सरकारची आणि रूळ खाजगी, असा जगावेगळा संसार पुढे कित्येक दशके चालला. भाडेकरू म्हणतो, घर मालकाने दुरुस्त करावे, आणि मालक म्हणतो, राहणाऱ्याने पाहावे. अशा घराचे वासे कसे होतात हे चाळीत राहिलेल्या वाचकांना सांगायला नको.

तरीही शकुंतला तग धरून होती. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर होते. सत्तर वर्षे त्याने डबे ओढले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते विसाव्याला गेले आणि त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. मँचेस्टरला कापूस पोहोचवण्यासाठी मँचेस्टरहूनच इंजिन यावे, आणि मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडल्यावरही ते इंजिन वऱ्हाडच्या उन्हात शिटी वाजवीत राहावे, हा काळाचा विनोद नव्हे काय? २०१० नंतरच्या दशकात मात्र रूळ आणि पूल थकले. आधी यवतमाळचे आणि मग अचलपूरचे, अशी दोन्ही अंगे थंडावली. गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून वाटेवरच्या गावांनी चळवळी केल्या. हा मार्ग रुंद करण्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले.

दरम्यान यवतमाळच्या दुसऱ्या दाराशी नवी पाहुणी येऊन उभी राहिली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरांचा मोठा मार्ग बांधायला घेतला आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातल्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले आणि मोठी गाडी कळंबला आली. कळंब हे यवतमाळ-नागपूर वाटेवरचे चिंतामणी गणपतीचे गाव. जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून या गणपतीचे दर्शन घ्यावे लागते आणि शेजारच्या कुंडाचे पाणी वर चढून देवाच्या पायांना लागते, तो योग भाविक वर्षानुवर्षे वाट पाहून साधतात. ज्या यवतमाळकरांनी मोठ्या गाडीची तीनचार पिढ्या वाट पाहिली, त्यांना हा धीर धरणारा देव आपला वाटला तर नवल नाही.

मोठी गाडी यावी, हे कोणालाही वाटेल. आजाऱ्याला नागपूरला न्यायचे आहे, पोराला पुण्याला शिकायला धाडायचे आहे, शेतमाल लांबच्या बाजारात विकायचा आहे. अशा माणसाला जुन्या गाडीच्या कौतुकाने काय करायचे? त्याला नवी गाडीच हवी, आणि ती मिळालीच पाहिजे. पण या मुलखाची खोड अशी की, येथे नवे आले म्हणजे जुने पार पुसून जाते. बंजाऱ्यांच्या बैलांची वाट बंडीने पुसली, बंडीची चाकोरी शकुंतलेने पुसली, पुसदचा फाटा लढाईने पुसला आणि शकुंतलेला ट्रकांनी पुसले. आता रुंद मार्ग आला आणि जुने रूळ भंगाराच्या भावाने गेले, तर शंभर वर्षे येथे काय घडत होते हे पोराबाळांना दाखवायला काडीही उरणार नाही.

हे टाळता येते, आणि त्याचे उदाहरण दूर नाही. नागपुरात १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय निघाले. लोक त्याला आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. दीडशे वर्षांहून अधिक काळ खेड्यापाड्यांतली माणसे शहरात आली की अजब बंगला पाहिल्याशिवाय परतत नाहीत. आणि त्याच नागपुरात, कडबी चौकाजवळ, मोतीबागेत, १४ डिसेंबर २००२ पासून अरुंद रुळांच्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. बंगाल-नागपूर रेल्वेच्या सातपुड्यातल्या छोट्या गाड्यांची इंजिने, डबे, कंदील, घंटा आणि यंत्रे तेथे मांडली आहेत. मुले इंजिनावर चढू पाहतात, आईबाप त्यांना ओढतात आणि मग स्वतःच डोकावून पाहतात. सातपुड्यातल्या छोट्या गाड्यांचे मार्ग पुढे रुंद झाले, जुन्या गाड्या गेल्या, पण त्या कशा होत्या हे पाहायला एक जागा आहे. दारव्ह्याचीही मोतीबाग आणि नागपूरचीही मोतीबाग. एकीला संग्रहालय लाभले, दुसरीला अजून लाभायचे आहे, एवढेच म्हणून ठेवतो.

शकुंतलेसाठी असे घर करायचे तर काय ठेवावे? इंजिन, डबा आणि रुळांचा तुकडा हे तर कोणीही सांगेल. जाड पुठ्ठ्याची तिकिटे, स्टेशनावरचा वजनाचा काटा, हिरव्या-तांबड्या काचांचा हातकंदील आणि एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती द्यायचे टोकन हेही हवे. हे टोकन म्हणजे मोठी हुशारीची गोष्ट. दोन स्टेशनांमधल्या रुळांवर एका वेळी एकच गाडी जावी म्हणून ही खूण ज्याच्या हाती असेल त्यानेच पुढे जायचे. खूण नाही तर वाट नाही. दुष्यंताची अंगठी हरवली तेव्हा शकुंतलेची वाट अडली होती, तोच न्याय!

पण एवढ्यावर थांबले तर ते इंग्रजांच्या गाडीचे संग्रहालय होईल, यवतमाळचे होणार नाही. गाडी ज्याच्यासाठी होती तो कापूस कोणी पिकवला, हे त्यात दिसले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू होते. सीतादहीची पूजा करून पहिली बोंडे वेचतात. बाया कमरेला ओटी बांधून ओळीओळीने सरकतात, संध्याकाळी वजन होते आणि वजनावर मजुरी ठरते. मग जिनिंगमध्ये सरकी वेगळी, रुई वेगळी, आणि प्रेसमध्ये तिच्या गाठी होतात. गाठीचा भाव मात्र कधी मँचेस्टरने ठरवला, कधी मुंबईने, आता ठरवते जगाची बाजारपेठ. पिकवणाऱ्याने कधी ठरवला नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. गेल्या पाव शतकात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा जिल्हा देशभर दुःखाने ओळखला जाऊ लागला. कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणणाऱ्यांनी या दोन गोष्टी एकाच भिंतीवर, शेजारीशेजारी लावल्या पाहिजेत. गाडी भरून सोने गेले आणि गाव रिते राहिले ते कसे, हा प्रश्न संग्रहालयात येणाऱ्या शाळेच्या पोराने मास्तरांना विचारावा. त्यासाठीच तर संग्रहालय.

तिसरी भिंत लागेल ती या मातीतल्या माणसांची. लोकनायक बापूजी अणे वणीचे. त्यांचा जन्म १८८० चा. यवतमाळात त्यांनी वकिली केली आणि १९१८ साली येथूनच ‘लोकमत’ हे साप्ताहिक काढले. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव रानात गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रहाला सुरुवात केली. समुद्र नाही तेथे मिठाचा सत्याग्रह कसा करायचा, या अडचणीला वऱ्हाडने शोधलेले हे उत्तर. मीठ नाही तर गवत! ज्या रानात गुरांना चारा मिळे त्या रानाला सरकारने कुंपण घातले होते, म्हणून गवताची पेंढी हीच येथली मिठाची चिमूट झाली. एक विळा आणि वाळल्या गवताची एक पेंढी काचेच्या पेटीत ठेवली, तरी इतिहासाचे अख्खे प्रकरण उभे राहील. त्यासाठी सोन्यारुप्याची वस्तू नको.

संग्रहालय म्हटले की सरकारी इमारत, मंजुरी, अंदाजपत्रक या गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्या त्या वेळी त्या होतील. पण वस्तू काही सरकारजवळ नाहीत. त्या आहेत निवृत्त गार्डाच्या माळ्यावर, जिनिंगच्या जुन्या दप्तरात, तांड्यावरच्या एखाद्या आजीच्या पेटीत, दारव्ह्याच्या दुकानदाराच्या भिंतीवर टांगलेल्या फोटोत. दिवाळीची साफसफाई हा अशा वस्तूंचा सर्वांत वाईट काळ. दरवर्षी दसरा उलटला की घराघरांतून माळे खाली येतात, आणि ‘हे कशाला हवे आता?’ या एका वाक्यासरशी दोनतीन पिढ्यांच्या खुणा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. ज्या घरांचे यवतमाळ, कारंजा, दारव्हा, मूर्तिजापूर या बाजूशी नाते आहे, त्यांनी यंदा त्या पेटीचे झाकण लावण्यापूर्वी एकदा आत हात घालून पाहावा. एखादे तिकीट निघाले, पितळी बिल्ला निघाला, वडिलांच्या बदलीचा कागद निघाला, तर तो कोणाचा, कोणत्या सालचा, हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. नाव आणि साल नसलेली वस्तू दहा वर्षांत अडगळ होते. नाव आणि साल असले की ती पुरावा होते.

आणि जमले तर मुलांना घेऊन या बाजूला यावे. धामणगावला उतरावे, बंड्यांच्या जुन्या वाटेने यवतमाळ गाठावे, कळंबच्या पायऱ्या उतरून चिंतामणीला हात जोडावेत, गरम भाकर, ठेचा आणि झुणका खावा. दारव्ह्याला ‘जंक्शन’ या शब्दाची गोष्ट मुलांना सांगावी. परतताना नागपूरच्या मोतीबागेत छोटे इंजिन दाखवावे. मुले विचारतील, “अशी गाडी यवतमाळलापण होती ना? मग ती कुठे आहे?” त्या प्रश्नाला यवतमाळात, यवतमाळच्याच स्टेशनावर उत्तर मिळावे, एवढीच या लेखाची मागणी आहे. राजाला शकुंतला आठवली ती अंगठी कोळ्याने आणून दिली तेव्हा. ती त्याला माशाच्या पोटात सापडली होती. आपली अंगठी माळ्यावरच्या पेटीत आहे.